एम.एस्सी. हॉर्टिकल्चर (दोन वर्षे): इंदूरहून कॉलेज कसं निवडावं?

मालव_मुक्ता (इंदूर)

नमस्कार मंडळी. भाची यंदा बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे दोन वर्षांची हॉर्टिकल्चरची मास्टर्स करायची हे तिचं ठरलंय. यादीत सध्या इंदूरचं कृषी महाविद्यालय, मंदसौर, ग्वाल्हेर, महाराष्ट्रातलं राहुरी, अकोला, दापोली आणि गुजरातेतलं आणंद, नवसारी आहे. शिवाय इंदुरातलीच दोन खाजगी विद्यापीठं, जिथे एका फोनवर सीट मिळते. घरात जितकी माणसं तितकी मतं. कुणी म्हणतं नाव बघा, कुणी म्हणतं घरापासून जवळ बघा, कुणी म्हणतं फी बघा. जाणकारांनी नेमकं काय तपासायचं ते सांगावं. पुढे तिला माळव्यातच रोपवाटिका किंवा सल्ल्याचं काम करायचंय, पण नेट परीक्षेचा (कृषी विद्यापीठांत प्राध्यापक होण्यासाठीच्या) रस्ताही मोकळा ठेवायचाय.

चंबळकाठ (ग्वाल्हेर)

मुक्ताताई, यादीतली पहिली तीन नावं वेगळी धरू नका. ग्वाल्हेरचं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय २००८ साली जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयातून वेगळं निघालं. इंदूर, सीहोर, खंडवा, ग्वाल्हेर आणि मंदसौर ही सगळी महाविद्यालयं त्याच छत्राखाली आहेत. पदवीच्या कागदावर विद्यापीठ एकच येतं. फरक पडतो तो विभागाचा, बागेचा आणि शिकवणाऱ्यांचा.

मंदसौरचं महाविद्यालय मुळातच उद्यानविद्येचं आहे. इतर ठिकाणी हॉर्टिकल्चर हा कृषी महाविद्यालयातला एक विभाग असतो. विभाग एकच असला की फळं, भाज्या, फुलं, मसाले सगळं त्याच चार-पाच माणसांवर येतं. उद्यान महाविद्यालयात प्रत्येकाचा विभाग वेगळा. भाचीला विषय आधीच पक्का माहीत असेल तर ही गोष्ट मोलाची आहे.

इंदूरच्या कॅम्पसचा इतिहास मोठा आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांची इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री १९२४ साली तिथेच उभी राहिली आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तिथून जगभर गेली. अभिमान जरूर बाळगा, पण त्यावरून प्रवेशाचा निर्णय घेऊ नका. आज बागेत काय उभं आहे ते पाहा. आणि ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या प्रवेश-समुपदेशनाच्या यादीत त्या कॅम्पसला हॉर्टिकल्चरच्या किती पीजी जागा दाखवल्यात, हे आधी बघा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

गुटीकलम

मी एकच आकडा सांगतो, बाकी सगळं त्यातून निघतं. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) आताच्या पीजी अभ्यासक्रमात मास्टर्सचे एकूण ७० क्रेडिट आहेत. मुख्य विषय २०, गौण विषय ८, सहायक विषय ६, सर्वांना सामाईक असलेले छोटे कोर्स ५, सेमिनार १ आणि प्रबंधाचं संशोधन ३०.

सत्तरातले तीस. म्हणजे दोन वर्षांपैकी जवळजवळ अर्धं काम एका प्रयोगाचं आहे. तो प्रयोग जिथे नीट होऊ शकतो ते कॉलेज चांगलं. वर्गखोल्या, सभागृह, प्रवेशद्वार यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता फळपिकाचा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. समजा पेरूवर विरळणीच्या किंवा फवारणीच्या ८ ट्रीटमेंट (तुलनेसाठीचे वेगवेगळे उपचार) आहेत आणि ३ रेप्लिकेशन (प्रत्येकाची तितक्या वेळा पुनरावृत्ती). दर युनिटला निदान २ झाडं धरली तर ८ × ३ × २ म्हणजे ४८ झाडं लागली. ही ४८ झाडं एका जातीची, एका वयाची, एका खुंटावरची (कलमाखालच्या मुळाच्या रोपावरची), एका पाण्याखालची हवीत. वर कडेच्या ओळी सोडाव्या लागतात, म्हणून ६० तरी उभी असावीत. सहा बाय सहा मीटरवरची पेरूची बाग असेल तर ४८ झाडांना सुमारे १,७३० चौरस मीटर पुरतात. तोच प्रयोग दहा बाय दहावरच्या आंब्यात केला तर ४,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सव्वा एकर एकसारखी बाग हवी. असा तुकडा किती कॉलेजांकडे आहे? आणि असला तर त्यावर आधीच किती मुलांचे प्रयोग चालू आहेत?

झाडं कमी पडली की गाईड ट्रीटमेंट कमी करतात. ६ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन केलं तर आरबीडीत (ब्लॉक पाडून केलेल्या मांडणीत) एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे चुकीचा अंदाज जितक्या स्वतंत्र तुलनांवर टेकतो तो आकडा, (६−१) × (३−१) = १० येतात. निदान १२ तरी असावेत असा दंडक आहे. ८ × ३ मध्ये १४ येतात, ६ × ४ मध्ये १५. दहावर भागवलं की एररचा अंदाजच कच्चा राहतो, सीडी (फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) फुगते आणि वर्षभर राबून उत्तर येतं 'नॉन-सिग्निफिकंट', म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. दोष मुलीच्या हाताचा नसतो, झाडांच्या संख्येचा असतो.

म्हणून भेटीला जाताना कापडी टेप घेऊन जा. बागेत कुठलीही २० झाडं घ्या आणि कलमाच्या सांध्याच्या वर वीतभर अंतरावर खोडाचा घेर मोजा. एक ३० सेंटीमीटर, शेजारचं ५५, मध्ये तूट भरलेलं हातभर रोप, असं दिसलं तर ती बाग बघायला छान असेल, प्रयोगाला कामाची नाही.

मालव_मुक्ता

गुटीकलमदादा, हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. पण गाईड कोण मिळणार हे प्रवेशाआधी कळतं का?

गुटीकलम

अधिकृतपणे नाही. सल्लागार समिती प्रवेशानंतर ठरते. पण अंदाज पक्का बांधता येतो. 'कृषिकोश' नावाचं कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आहे. तिथे विद्यापीठ आणि विषय टाकून मागच्या तीन-चार वर्षांचे एम.एस्सी. प्रबंध काढा. सारांश वाचत बसू नका, थेट 'मटेरियल अँड मेथड्स'च्या प्रकरणावर जा. चार गोष्टी टिपा:

प्रयोग कुठे झाला. कॉलेजच्या बागेत, की 'शेतकऱ्याच्या शेतावर'? शेतकऱ्याच्या शेतावर होणं वाईट नाही, पण दर वेळी तसंच होत असेल तर कॉलेजकडे बाग नाही असं समजा.

झाडांचं वय आणि संख्या. ही लिहिलीच नसेल तर तोही एक इशारा.

विषयांची रांग. एकाच गाईडकडे सलग चार वर्षं 'जिबरेलिक ॲसिडचा (एका वाढ-संप्रेरकाचा) परिणाम' दिसलं, फक्त पीक बदललेलं, तर तिथे नवं शिकायला फारसं नाही.

प्रवेशाचं वर्ष आणि प्रबंध सादर झाल्याचं वर्ष. बहुतेक ठिकाणी नोंदणी क्रमांकात प्रवेशाचं साल असतं. दोनाची अडीच-तीन वर्षं होतायत का ते लगेच दिसतं.

निमाडकर

गुटीकलम यांच्याशी सहमत, पण माती विसरू नका. माळव्यात परत येऊन काम करायचं असेल तर काळ्या, चिकण, भेगाळणाऱ्या जमिनीत शिकलेलं बरं. आगर, शाजापूरकडचा संत्रा, मंदसौर-नीमचचा लसूण, बेडियाच्या बाजारात येणारी खरगोनची मिरची, बऱ्हाणपूरची केळी हे आपल्या भागाचं खरं काम आहे.

दापोली उत्तम आहे. हापूस, काजू, कोकम, मसाल्याची पिकं शिकायची तर तिच्या तोडीचं फार थोडं सापडेल. पण ती जांभ्या दगडाची, भरपूर पावसाची, निचऱ्याची जमीन. तिथली खताची मात्रा, तिथलं पाण्याचं गणित आगरच्या संत्र्याला लावलं तर झाड मुळाशी कुजेल. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू संत्र्याच्या मुळांवर आणि बुंध्यावर चढतो. डिंक्या म्हणतात तो हाच. हे ज्या कॉलेजच्या बागेत रोज डोळ्यांना दिसतं तिथे शिकलेली मुलगी शेतकऱ्याला बुंध्यापासून हातभर लांब डबल रिंगने (दोन गोल आळ्यांनी) पाणी द्यायला आपोआप सांगेल.

संत्र्यासाठी अकोला बघा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था तिथून फार लांब नाही. डाळिंबासाठी राहुरी, 'भगवा' ही जात त्याच विद्यापीठाची. मोसंबी, सीताफळासाठी परभणीही यादीत घाला, तुमच्या यादीत ती नाही. लसूण-कांदा आणि औषधी पिकांसाठी मंदसौर सोडून कुठे जायचं कारण नाही. अश्वगंधाच्या जवाहर असगंध २० आणि १३४ या जाती तिथल्याच.

बडोदेकर_बागवान (बडोदा)

गुजरातेबद्दल मी सांगतो.

२००४ साली जुन्या गुजरात कृषी विद्यापीठाची चार झाली: आणंद, नवसारी, जुनागढ आणि सरदारकृषिनगर-दांतीवाडा. नवसारीचं उद्यान महाविद्यालय जुनं, चिकू आणि आंब्याच्या पट्ट्यात बसलेलं. गणदेवीचा चिकू ऐकून असालच. आणंदला जमीन गोराडू, म्हणजे रेताड पोयटा. मुळं सरळ जातात, निचरा चांगला, रोपवाटिका शिकायला सोपी. पण माळव्यात काम करायचं असेल तर निमाडकरांचा मुद्दा इथेही लागू.

आणंदजवळ बोरियावीला औषधी आणि सुगंधी वनस्पतींची आयसीएआरची संस्था आहे. गोध्र्याजवळ वेजलपूरला कोरडवाहू फळांचं केंद्र आहे. 'गोमा'ने सुरू होणारी बेल, आवळा, जांभळाची नावं ऐकली असतील, ती तिथली. जवळ अशी संस्था असणं म्हणजे प्रबंधाला लागणारी कलमं, जर्मप्लाझम (जातींचा संग्रह) आणि कधीकधी सल्लागार समितीत बाहेरचा जाणकार मिळण्याची शक्यता.

आणखी एक खुलासा, कारण इथे दर वर्षी कुणीतरी फसतं. बडोद्यात मॉडेल फार्मवर आणंद विद्यापीठाचं हॉर्टिकल्चर पॉलिटेक्निक आहे. तिथला अभ्यासक्रम दहावीनंतरच्या पदविकेचा आहे. पदविका आणि पदवी यांत गल्लत करू नका. भारतात हॉर्टिकल्चरची 'दोन वर्षांची पदवी' म्हणजे चार वर्षांच्या बी.एस्सी.नंतरची एम.एस्सी.च. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बी.एस्सी.तून दोन वर्षांनी दहा आठवड्यांची इंटर्नशिप करून बाहेर पडता येतं, पण तेव्हा हातात यूजी डिप्लोमा येतो, पदवी नाही. एजंट लोक या तिन्हींना सर्रास 'दोन साल का कोर्स' म्हणतात.

सराफा_चौक (इंदूर)

खाजगी विद्यापीठांना एकदम निकालात काढू नका. काही ठिकाणी पॉलिहाऊस, टिश्यू कल्चर लॅब सरकारीपेक्षा नवी आहे. मुलगी घरी राहील, होस्टेलचा खर्च वाचेल. सगळ्यांनाच संशोधक व्हायचं नसतं.

चंबळकाठ

सराफाभाऊ, नव्या लॅबला कुणाचाच विरोध नाही. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या तोंडी नाही, कागदावर मागायच्या.

पहिला कागद आयसीएआरच्या अधिस्वीकृतीचा. त्यावर महाविद्यालयाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मुदतीची तारीख तिन्ही असतात. बी.एस्सी.ला मान्यता असते आणि एम.एस्सी.ला नसते, असं चालतं. मुदत संपलेलीही असते. 'प्रोसेसमध्ये आहे' या उत्तराला काडीचा अर्थ नाही. यूजीसीची मान्यता म्हणजे विद्यापीठाला पदवी देण्याचा हक्क आहे इतकंच. आयसीएआरची अधिस्वीकृती वेगळी गोष्ट आहे आणि पुढे पीएच.डी.चा आयसीएआर कोटा किंवा एखाद्या भरतीची जाहिरात तीच मागते.

दुसरा कागद जमिनीचा. खसरा (जमिनीचा सरकारी उतारा) मागा. प्रयोगाची जमीन विद्यापीठाच्या नावावर आहे की दरसाल भाड्याने घेतलेली? भाड्याच्या जमिनीत कुणी आंबा लावत नाही. तिथे प्रबंध भाजीपाल्याचाच होणार, मुलीला फळशास्त्र हवं असलं तरी.

तिसरं, प्रवेशाची पात्रता. साध्या तीन वर्षांच्या बी.एस्सी. बॉटनीच्या मुलांना ते हॉर्टिकल्चर एम.एस्सी.ला घेतात का, हे विचारा. घेत असतील तर तो अभ्यासक्रम आयसीएआरच्या चौकटीतला नाही हे समजून घ्या. तुमच्या भाचीची चार वर्षांची पदवी आहे, तिचं काही बिघडणार नाही असं वाटेल. पण त्या वर्गाला बॉटनीच्या पायरीवरून शिकवावं लागतं, मग हिचा वेळ कलम कसं बांधतात हे पुन्हा शिकण्यात जातो.

घरी राहायचा मुद्दा मान्य. पण पहाटे सहाला फुलं उमललेल्या वेळी परागीकरण करायचं असतं, रात्री कल्चर रूमचं तापमान बघायचं असतं. होस्टेल बागेला लागून असणं ही चैन नाही.

निंबोळी

लॅब 'नवी' आहे की 'चालू' आहे हे ओळखायला अर्धा तास पुरतो. क्रमाने सांगते.

आधी हातातला रिफ्रॅक्टोमीटर मागा, फळाचा टीएसएस (रसात विरघळलेली साखर वगैरे) मोजायचा. प्रिझमवर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून पाहा. निळी रेघ बरोबर शून्य ब्रिक्सवर यायला हवी. दीड-दोनवर आली आणि कुणाला स्क्रू फिरवून शून्य करता आलं नाही, तर तिथले मागचे टीएसएसचे सगळे आकडे तितकेच चुकलेत. डिस्टिल्ड वॉटरच नाही असं म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

मग विचारा की आम्लता कशी काढता. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलिन, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत. हे सगळे सांगतील. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: ते सोडियम हायड्रॉक्साइड ऑक्झॅलिक ॲसिडने कधी स्टँडर्डाइझ केलं होतं? ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू सौम्य होत जातं. बाटलीवर तारीख नसेल तर आकडे विश्वासाचे नाहीत. क जीवनसत्त्व मोजायची डाय फ्रिजमध्ये तपकिरी बाटलीत आहे का तेही पाहा, उजेडात ती बिघडते.

टिश्यू कल्चरची लॅब दाखवली तर काचेतून बघून खूश होऊ नका. ऑटोक्लेव्हची (निर्जंतुक करायच्या यंत्राची) नोंदवही मागा: १२१ अंश, १५ पाउंड, १५ ते २० मिनिटं, शेवटची नोंद कुठल्या तारखेची? कल्चर रूममध्ये २५ अंशांच्या आसपास तापमान, रॅकवर बाटल्या भरलेल्या, त्यावर मार्करने तारीख आणि मीडिया लिहिलेला, अशी लॅब चालू असते. रिकामे रॅक आणि चकचकीत फरशी असेल तर ती लॅब तपासणीपुरती उघडतात. वीज गेली की जनरेटर किती मिनिटांत लागतो हेही विचारा. उन्हाळ्यात सहा तास एसी बंद राहिला की कल्चर हातचं जातं.

बाहेर आल्यावर ठिबक. एका १६ मिलिमीटरच्या लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) टोकाची घडी सोडायला सांगा आणि पाणी चालू करायला लावा. पहिलं पाणी गढूळ येणारच, पण मिनिटभरात स्वच्छ व्हायला हवं. चहासारखं येतच राहिलं तर फिल्टर महिनोन्‌महिने धुतलेला नाही. मग ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक भांडं ठेवा, सहा मिनिटं. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरने दोन्हीकडे ४०० मिलिलिटर जमायला हवं. एकीकडे ३८० आणि दुसरीकडे १५० जमलं तर त्या बागेत खताचा कुठलाही प्रयोग करणं व्यर्थ. एका झाडाला खत मिळतंय, दुसऱ्याला नाही, आणि प्रबंधात दोन्ही एकाच ट्रीटमेंटची म्हणून लिहिली जाणार.

पॉलिहाऊसच्या कागदाकडे बघा. २०० मायक्रॉनचा कागद साधारण तीन-चार वर्षं टिकतो. फाटलेल्याला चिकटपट्ट्या असतील तरी हरकत नाही, म्हणजे कुणीतरी लक्ष देतंय. झाडं नसलेलं, गवत माजलेलं पॉलिहाऊस मात्र बंद समजा.

रोपवाटिका_धार

निंबोळीताईंनी मातृवृक्ष (ज्यांच्या फांद्या-डोळे कलमांना घेतात ती झाडं) सोडले. ज्यांना रोपवाटिकेचं काम करायचंय त्यांनी मातृवृक्षांची बाग आधी बघावी. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, कुठून आणलं, केव्हा लावलं याची नोंद हवी. फळ नसताना ही झाडं पानांवरून ओळखणं अवघड, म्हणून पाटी पडली की जात गेली.

सॉफ्टवुड ग्राफ्टिंग, वेज ग्राफ्टिंग, डोळा भरणं, गुटी हे कलमांचे चारही प्रकार त्याच कॉलेजच्या रोपवाटिकेत विक्रीसाठी होतात का विचारा. विक्री होत असेल तर विद्यार्थ्याच्या हातून शेकड्याने कलमं होतात. नाहीतर प्रॅक्टिकलच्या तासाला पाच कलमं बांधायची, त्यातली दोन जगली तरी वहीवर सही मिळते.

चंबळकाठ

प्रवेशाचा रस्ता दोन प्रकारचा, हेही मुक्ताताईंना लिहून ठेवतो.

एक, राज्याचा कोटा. मध्य प्रदेशचा मूल निवासी दाखला असेल तर जबलपूर आणि ग्वाल्हेर दोन्ही विद्यापीठांच्या जागा. महाराष्ट्राच्या चार कृषी विद्यापीठांना राज्याची वेगळी सीईटी आहे आणि तिथे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. घरात मराठी बोलतो, आजोबा सातारचे, यावर अधिवास मिळत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा गैरसमज फार आहे.

दोन, आयसीएआरची अखिल भारतीय परीक्षा. १२० प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. राज्यांच्या कृषी विद्यापीठांतल्या पीजीच्या ३० टक्के जागा या यादीतून भरतात. महाराष्ट्र, गुजरात कुठेही जायचं तर इंदूरच्या मुलीसाठी हाच सरळ दरवाजा. यातून आपल्या राज्याबाहेर प्रवेश मिळाला तर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही मिळते, पीजीला महिना ५,००० रुपये. वरच्या क्रमांकांना आयसीएआरची पीजी शिष्यवृत्ती, महिना १२,६४०. एका वेळी एकच घेता येते. म्हणजे ज्याला घरच्यांनी 'लांब आणि महाग' म्हणून काट मारली तेच कॉलेज कदाचित इंदुरातल्या खाजगीपेक्षा स्वस्त पडेल. कागदावर बेरीज करून बघा.

पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाबरोबर विषयही पाहायचा. फळशास्त्र, भाजीपाला, फुलशेती व उद्यान-रचना, मसाले-लागवडी व औषधी पिकं, काढणीपश्चात व्यवस्थापन हे वेगवेगळे विषय आहेत. नेटलाही फळशास्त्र, भाजीपालाशास्त्र, फुलशेती असे स्वतंत्र विषय असतात. 'कुठेही मिळू दे' म्हणून सगळं भरलं की नको तो विषय पदरात पडतो आणि तोच पदवीवर छापला जातो.

सराफा_चौक

शिष्यवृत्तीचं माहीत नव्हतं. आमच्या शेजारच्या मुलाला आजच सांगतो. बँकेच्या परीक्षेसाठी एम.एस्सी. लागते का?

निमाडकर

नाही. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या पदाला चार वर्षांची ॲग्री किंवा हॉर्टिकल्चरची पदवी पुरते. नुसती तीच नोकरी हवी असेल तर दोन वर्षं एम.एस्सी.त घालवण्यापेक्षा अभ्यासाला बसावं.

गुटीकलम

ऋतूचं गणित राहिलं. प्रबंध उशिरा होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

प्रवेशप्रक्रिया लांबत लांबत ऑक्टोबरपर्यंत जाते. पहिला रब्बी हंगाम वर्गात, समिती आणि विषय ठरवण्यात जातो. म्हणजे खरा प्रयोग दुसऱ्या वर्षी, आणि तिथे एकच हंगाम हाती असतो. तो चुकला की सहा महिने ते वर्ष वाढलं.

आंब्यात पॅक्लोब्युट्राझोलचा (फुलोरा लवकर आणणाऱ्या वाढनियंत्रकाचा) प्रयोग असेल तर ते जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी द्यावं लागतं. फळं उतरतात एप्रिल-मेमध्ये. मग पृथक्करण, आकडेमोड, लिखाण. मे उजाडला तरी फळं झाडावरच असतात आणि चौथं सत्र संपत आलेलं. आंब्याचा विषय घ्यायचा तर पहिल्याच उन्हाळ्यात आराखडा मंजूर झालेला हवा. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास उतरतो. हा दोन वर्षांत छान बसतो, पण दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच झाडं निवडून खुणा केल्या तर. पेरूचा मृग बहार त्याहून सोयीचा: पावसाळ्यात फूल, हिवाळ्यात फळ, लिहायला पाच महिने मोकळे.

काढणीपश्चात विषयाला हंगामाची कटकट कमी, पण फळं फार लागतात. ८ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन, दर नोंदीला ५ फळं, ६ वेळा नोंद: ७२० फळं. दीडशे ग्रॅमचा पेरू धरला तर १०८ किलो, एकाच दिवशी एकाच पक्वतेचा. कॉलेजच्या बागेतून मिळणार की मंडईतून आणायचा? मंडईतल्या पेरूवर आधी कसली फवारणी झालीय कुणाला ठाऊक. म्हणून भेटीत विचारा: आराखडा कितव्या सत्रात मंजूर होतो? चांगल्या विभागात याचं उत्तर महिन्यासकट मिळतं.

बडोदेकर_बागवान

कागदांचं थोडक्यात. मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच्या विद्यापीठातून निकालानंतर लगेच मागा, यायला वेळ लागतो. ओबीसी असाल तर आयसीएआरसाठी केंद्रीय यादीतलं, केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर लागतं. राज्याच्या नमुन्यातलं परत करतात. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या कोट्यात चालत नाही. ओजीपीएवरून (सगळ्या सत्रांच्या ग्रेडच्या सरासरीवरून) टक्के काढायचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं असतं, म्हणून ते सूत्र विद्यापीठाच्या शिक्क्यासह घेऊन ठेवा.

मालव_मुक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने हा धागा दोनदा वाचला. तिचा कल आता भाजीपाला आणि मसाला पिकांकडे आहे, विशेषतः लसूण. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी मंदसौरला जातोय. बागेतली झाडं मोजायचं समजलं, पण लसणात मोजायचं काय? तिथे तर तेव्हा नुसते वाफेच असतील.

निंबोळी

लसणात वाफेच मोजायचे. प्रयोगाचा वाफा साधारण तीन बाय दोन मीटरचा असतो. १५ × १० सेंटीमीटरवर लावला तर एका वाफ्यात ४०० रोपं. ८ × ३ म्हणजे असे २४ वाफे, एका सपाट तुकड्यावर. मध्ये पाण्याचे पाट आणि रेप्लिकेशनमध्ये निदान मीटरभर मोकळी जागा. कडेच्या ओळी सोडून दर वाफ्यात १० रोपांना टॅग लावतात. जुने टॅग किंवा खुंट्या अजून वाफ्यात दिसतात का बघा.

जमिनीचा उतार पाहा. काळ्या जमिनीत एका टोकाला पाणी साचत असेल तर त्या टोकाचे गड्डे सडतात आणि तो फरक ट्रीटमेंटचा वाटतो. उतार असेलच, तर ब्लॉक उताराला आडवे पाडलेत का विचारा. उत्तर देणाऱ्याला प्रश्न चटकन कळला तर विभाग चांगला.

मग साठवण बघा. हेक्टरी ५०० किलो पाकळ्या धरल्या तर २४ वाफ्यांना ७ किलोच्या वर बेणं लागतं. सारख्या आकाराच्या पाकळ्या निवडायच्या म्हणून १०-१२ किलो काढावं लागतं. हे बेणं जातवार वेगळं, जाळीच्या पिशवीत, पाटीसकट टांगलेलं हवं. ढीग एकत्र पडला असेल तर जात शुद्ध राहिलेली नाही.

आणि लसूण निवडला हे ऋतूच्या हिशोबानेही बरं. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लावायचा, मार्चमध्ये काढायचा, पातीसकट सावलीत सुकवायचा, साठवणीतली घट एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी वजन करून टिपायची आणि त्याच वेळी लिहीत बसायचं. फक्त बेण्याची मागणी ऑगस्टमध्येच लेखी देऊन ठेवायला सांगा. ऑक्टोबरात सगळ्या मुलांना एकदमच हवं असतं.